मंगळवारचा भाग टपालानं

सांगवी, ता. बारामती
बुधवार, दि. १२ ऑगस्ट १९९८

चि. गोजर हीस,

तुझा दादा तात्याबा याचे सांगवीहून अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझं पत्र यायला जरा उशीर झाला की तुझी वहिनी ठमा माझ्याकडेच संशयानं बघते. म्हणते, बहिणीला काहीतरी लागट लिहिलं असणार तुम्ही.

काल मंगळवार. मंगळवारी रात्री तुमच्या निमगावात वीज जाते आणि नेमकं तेव्हाच ‘नांदुरकरांचं घर’ लागतं. म्हणून वर्षभर मी तुला मंगळवारचा भाग टपालानं धाडतो आहे. आमचा पोरगा दादासो मला चिडवतो. म्हणतो, तात्या, एसटीतून निवृत्त झालात आणि नांदुरकरांच्या घरात कंडक्टर म्हणून लागलात! लागलो तर लागलो. निदान इथं सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही.

पण गोजर, कालचा भाग पाहून मी हादरलो आहे. रात्री जेवण गेलं नाही.

तुला आठवत असेल, माईसाहेब नांदुरकरांचा मुलगा विक्रम विमानासकट समुद्रात गेला. त्याची बायको मृणालिनी तेव्हापासून पांढऱ्या साडीत असते. (साडी पांढरी, पण रोज नवी. दुःखालाही इस्त्री असते या लोकांच्या.) तर काल माईसाहेब टेबलावर बसून सफरचंद कापत होत्या आणि कापता कापता सुनेला म्हणाल्या, तुझ्यासाठी मुलगा पाहिला आहे, डॉक्टर आहे. सख्खी सासू! स्वतःच्या पोटच्या पोराच्या बायकोला! माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला. सफरचंदाची फोड मात्र माईसाहेबांच्या हातून पडली नाही. ही बाई आहे का कसाई?

बाकीही काही बघण्यासारखं उरलेलं नाही. रविवारच्या पुराणात देव रागावले की त्यांचा मुकुट डुगडुगतो आणि मागचा पुठ्ठ्याचा पर्वत हलतो. हिंदीत एक हवेलीवाली मालिका आहे, तिथल्या बायका डूल घालून झोपतात, ओठ रंगवून उठतात आणि न्याहारीआधी एकमेकींच्या दुधात काहीतरी कालवतात. मध्येच जाहिरातीत एक बाई कपडे धुता धुता नाचते. आपली आई ओढ्यावर धुणं धुवायची, तिला कधी नाचताना पाहिलंस?

आपल्या वेळी संध्याकाळ झाली की आजी कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि मी अप्पा मास्तरांनी शिकवलेल्या कविता चालीवर म्हणायचो. डोळ्यांपुढं नदी यायची, मोर यायचे, आणि कुणाचा पर्वत हलायचा नाही. ती माणसं स्वच्छ होती. आजीसारखी बाई आता दिव्यानं शोधली तरी सापडायची नाही.

सुधाला आशीर्वाद. ती माझं पत्र वाचते तेव्हा ते लिहिल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं, असं तू म्हणाली होतीस. पोरीच्या जिभेला वळण आहे. छकुलीला माझ्याकडून पापा.

लोभ उतू जाऊ देऊ नये आणि आटूही देऊ नये.

तुझा,
तात्याबा

*

निमगाव केतकी, ता. इंदापूर
२० ऑगस्ट १९९८

तीर्थरूप दादा यांस,

गोजरबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. (मामा, आत्याबाई सांगतात तसंच उतरवून घेतेय. सुधारून लिहिलं की त्यांना राग येतो. म्हणतात, सासू मी हाय का तू? – सुधा.)

दादा, तुझं पत्र पोचलं. वाचताना छकुली मांडीवर हुती. डुगडुगत्या मुकुटाला ती इतकी हसली का तिच्या नाकातनं दूध आलं. हितं पाऊस बरा हाय. म्हैस व्यालीय, रेडी झाली. सकाळचं दूध सर्जेरावाच्या गाडीवर घालतो. इंदापूरचा सर्जेराव रे, डेअरीची गाडी चालवतो तो. बायको बाळंतपणात ग्येली त्याची. तोबी इचारत हुता, नांदुरकराच्या सुनंचं म्होरं काय झालं म्हणून. त्याच्याबी वस्तीवर मंगळवारी अंधार.

आता माझं काम ऐक. तुझ्या पत्रात तुझा अडकित्ता पडल्याचं कळलं, पर जे कळायला पायजे ते न्हाय कळलं. ती सासू सुनंला सांगताना रडली का? शेजारनी काय म्हनल्या? सुनंचं तोंड कसं झालं, लाजली का घाबरली? आन् तिला पोर असतं, तर ते कुठं ऱ्हायलं असतं? तू नुसता कसाई म्हणून मोकळा झालास. कसाई सफरचंद कापत न्हाय, दादा.

आन् एक सांग. ती माईसाब तुझी भैन असती, तर तू काय केलं असतंस? ह्याचं उत्तर सरळ लिव्ह, कविता लिवू नगंस.

पितरांचा पंधरवडा लागायच्या आत घरात एक बोलणी हाईत. ती तू आल्यावर बोलू. वैनीला म्हणावं, तिनं दिलेला पापडखार संपला.

तुझी,
गोजर

(मामा, माझाही नमस्कार. मृणालिनी काय म्हणाली तेही लिहा. – सुधा)

*

सांगवी
बुधवार, दि. २ सप्टेंबर १९९८

चि. गोजर हीस,

अनेक आशीर्वाद. गणपतीच्या गडबडीत मागच्या मंगळवारचा भाग लिहायचा राहिला, पण त्यात नुसती खरेदीच होती. खरं ते काल घडलं. गोजर, बसून ऐक!

मांडव पडला होता. मांडव कसला, राजवाडाच. मृणालिनी हिरव्या शालूत. तू विचारलंस म्हणून मुद्दाम बघितलं, माईसाहेब रडल्या नाहीत, त्यांनी नुसती स्वतःच्या गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली. मृणालिनी काय म्हणाली? काहीच नाही. तिचे डोळे भरलेले दाखवले आणि लगेच साबणाची जाहिरात आली.

जाहिरात संपली. भटजींनी अंतरपाट धरला. डॉक्टर समोर उभा. सावधान म्हणायच्या आत दार उघडलं आणि दारात विक्रम! दाढी वाढलेली, कपाळावर व्रण, पण विक्रमच! कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांनी त्याला वाचवलं होतं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ठमा म्हणाली, बसा, तुमच्याच घरी आलाय जणू!

मला इतका आनंद झाला की मी दादासोच्या पाठीत थाप मारली. बघितलंस? देवाच्या मनात काय असतं हे सासूनं ठरवायचं नसतं. थोडा धीर धरला असता तर त्या पोरीला भरल्या मांडवात तोंड लपवायची पाळी आली नसती. गेला गेला म्हणून ज्याच्या नावानं पाणी सोडायचं तो उद्या दारात उभा राहिला तर त्याच्याकडं कुठल्या तोंडानं बघायचं? बाईनं वाट बघावी. वाट बघण्यातच बाईचं मोठेपण. आपल्या जुन्या कवितांतल्या साऱ्या बायका वाटच बघत असत.

तू सरळ उत्तर मागितलंस. तर सरळ देतो. ती माईसाहेब माझी बहीण असती तर मी त्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नसतो.

पुढच्या मंगळवारी विक्रम काय करतो ते कळेल. माझा जीव टांगणीला लागलाय. तुमच्या घरच्या बोलण्यांचं काय? म्हशीची असतील तर माझं मत, ती विकू नये.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
तात्याबा

*

निमगाव केतकी
१० सप्टेंबर १९९८

दादाला गोजरबाईचा नमस्कार.

अक्षर वायलं दिसंल. हे शेजारच्या प्रतिक्षाचं हाय. ती इंदापूरच्या कालिजात जाती. सुधाकडनं ह्ये लिवून घेण्यासारखं न्हाय.

दादा, बोलणी म्हशीची नव्हती. सुधाची हुती.

सोपानला जाऊन तीन वरसं झाली. माझं लेकरू सोलापूर रस्त्यावर ग्येलं, त्येला म्याच न्हाऊ घातलं, म्याच माती दिली. तवापासनं ही पोर माझ्या म्होरं हिंडतीया. सव्वीस वरसांची हाय. रात्री मला वाटतं ही झोपली, तर ही आढ्याकडं बघत पडल्याली असती. सर्जेराव चांगला माणूस हाय. दुधाचं माप घेताना मान वर करत न्हाय. छकुलीसंगट मागतो तो तिला. म्याच त्याला सांगावा धाडला, आन् शनिवारी तो चुलत्याला घिऊन आला.

च्या व्हायच्या आत टपाल आलं. तुझं पत्र. आपल्यात आलेलं पत्र पावण्यांम्होरं वाचायची रीतच हाय, त्यात लपवायचं काय असतं? म्याच म्हनलं, वाच गं सुधे, दादाच्या पत्रात हसायचं लई असतंय, पावण्यांनाबी करमंल.

तिनं वाचलं. मांडव वाचला, हिरवा शालू वाचला. पावणे हसत हुते. मग तो मेलेला दारात आला, आन् तिचा आवाज बारीक झाला. म्या म्हनलं ऱ्हाऊ दे. ती थांबली न्हाय. बाईनं वाट बघावी, तेबी वाचलं. त्या घरचं पाणी प्यालो नसतो, तेबी वाचलं. खाली तुझं नाव वाचलं, घडी घातली, आन् आत जाऊन च्या टाकला. पावण्यांनी तो अर्धाच पिला. चुलता चपला घालताना म्हनला, गोजराक्का, आदी तुमच्या भावाचं बघा, मग आमचं बघू.

पावणे ग्येल्यावर सुधा एवढंच म्हनली, आत्याबाई, मला लग्न न्हाय करायचं. तवापासनं दूध घालायला गाडीवर मी जाते.

तुला शिव्या द्यायला पत्र लिवत न्हाय. तुझ्या डोळ्याम्होरं सुधा नव्हती, ठावं हाय मला. तुझ्या डोळ्याम्होरं नदी असती न्हायतर मोर. पर आता एक ऐक, आन् बसून ऐक.

जिला तू दिव्यानं शोधतोस, ती आपली आजी पाटाची हुती. आज्याची ती पयली न्हवं, आन् आजाबी तिचा पयला न्हवं. पयला नवरा पटकीनं ग्येला. मग काळ्या पंधरवड्यात, मध्यान रातीला, गोठ्यात निऊन आज्याशी तिचा पाट लावला. वाजंत्री न्हाय, अक्षता न्हाय. सवाष्णींनी दारं लावून घेतली, तिचं तोंड दिसू नये म्हणून. ह्ये मला आत्यानं माझ्या हळदीच्या दिवशी सांगितलं. तुला कुणी सांगितलं न्हाय, कारण तू तिच्यावर कविता करत हुतास.

सुधाचं मी तसं करणार न्हाय. चुलता म्हनला हुता, गपचिप रातीला पाट लावू, गवगवा नगं. म्या न्हाय म्हनलं. मला मांडव पायजे. उन्हात. सवाष्णी दारात पायजेत. आन् मंगळाष्टका पायजेत, तुझ्या. सांगवीपास्नं निमगावपातुर आपल्या घरातलं एक लगीन तुझ्या मंगळाष्टकांबिगर झालं न्हाय, तर हेच का व्हावं? तू उभा ऱ्हायलास तर ती उभी ऱ्हाईल. न्हायतर ऱ्हायलं. घटं बसूस्तवर वाट बघते.

तुझं पाणी तू ठिव. मला तुझा आवाज पायजे.

गोजर

(तात्याआजोबा, मी प्रतिक्षा. हे मी जादा लिहितेय. सर्जेराव गाडीचा हॉर्न आधी दोनदा वाजवायचे, आता एकदाच वाजवतात. सुधावहिनी त्या एका हॉर्नलाही चूल फुंकायला लागते. चूल पेटलेलीच असते.)

*

सांगवी
बुधवार, दि. १६ सप्टेंबर १९९८

गोजर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं वाचलं, मग ओट्यावर बसलो ते दुपारपर्यंत तसाच. ठमा विचारत राहिली, मी पत्र पुढं सरकवलं. शेवटी तिनं दादासोकडून पत्र वाचून घेतलं. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, टीव्हीतलं मेलेलं माणूस परत आलं म्हणून नाचलात, आणि घरातल्या जित्या पोरीला जिवंत गाडलंत की हो!

बायकोनं इतकी वर्षं मला पुष्कळ ऐकवलं, पण असं घाव घालून नाही.

मी बावळट खरा. वर्षभर तिच्या आवाजात माझं पत्र तुला पोचत होतं, आणि मी तिला रेडिओ समजत होतो. रेडिओला काय वाटतं हे कुणी विचारतं का?

आजीचं तू लिहिलंस ते अजून अंगावरून उतरत नाही. लहानपणी लग्नात नवरीला हळद लावायची वेळ आली की आजी कडब्याच्या गंजीपाशी जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, आजी लाजाळू आहे. मी कविता केली होती, की आजी म्हणजे गंजीआडची चिमणी, गर्दीला भिणारी. अप्पा मास्तरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. मी धावत घरी येऊन आजीला म्हणून दाखवली. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, गुणाचं रं माझं. चिमणी गर्दीला भीत नव्हती, गोजर. तिला तिथं उभं केलेलं होतं! आणि मी त्याला चाल लावली.

कालचा मंगळवारही सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील लपवलं. तो विक्रम खोटा निघाला. नांदुरकरांची इस्टेट लाटायला कुणीतरी तसल्याच चेहऱ्याचा माणूस धाडला होता. खरा विक्रम गेलेलाच आहे. मी ज्याच्यासाठी खुर्चीवरून उठलो, पाठीत थाप मारली, तुमच्या घरची बोलणी मोडली, तो एक भाडोत्री सोंगाड्या! लेखकाला लाज नाही आणि बघणाऱ्याला अक्कल नाही. पण तो खरा निघाला असता तरी मी चुकलोच होतो, एवढं ठमानं माझ्याकडून वदवून घेतलं आहे.

आता मंगलाष्टकांचं. खोटं बोलत नाही, गोजर. काल लिहायला बसलो आणि पेन पुढं जाईना. अमक्याची कन्या, तमक्याच्या कुळात, अशी माझी ठरलेली मांडणी असते. इथं कुठलं नाव कुठं बसवू? आणि लोकांचीही भीती वाटली. सबंध जन्म लोकांनी ‘वा तात्या’ म्हणावं म्हणून गायलो. मांडवात कुणी तोंड फिरवलं तर माझा सूर लागेल का? हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

माझं एक काम कर. सुधाला सांग, मामाला चार ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील. तिचं म्हणणं तिच्या स्वतःच्या तोंडून मी अजून ऐकलेलंच नाही.

तुझा,
दादा

*

निमगाव केतकी
२३ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप मामांना सुधाचा सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. या वेळी आधी एकदा मनात वाचून घेतलं, मग मोठ्यानं.

शिव्या लिहायच्या नाहीत. तुमच्यामुळं मी नाही म्हणाले असं आत्याबाईंना वाटतं. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं त्यांनाही सांगितलेलं नाही. त्यांना हे पत्र मी वाचून दाखवणार नाही. तुम्हीही कुणाला वाचू देऊ नका.

त्या दिवशी वाचत होते तेव्हा दारात विक्रम आला असं तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही लिहिता तेव्हा डोळ्यांपुढं येतंच. माझी नजर वर गेली, आमच्या दाराकडं. वाटलं, हे असेच आले तर? मामा, आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटली. मनात पहिलं हे आलं की आता सर्जेरावांना काय सांगू. ते समोर सतरंजीवर बसले होते.

ज्यांच्याबरोबर संसार केला, ज्यांची छकुली, ते जिवंत यावेत असं मला आधी वाटलं नाही. अशी बाई कुठल्या मांडवात उभी राहणार? म्हणून पुढचं सगळं मोठ्यानं वाचलं. वाटलं, माझी शिक्षा मीच वाचावी.

शाळेत मला कविता आवडायच्या. मास्तर चालीवर म्हणून घ्यायचे तेव्हा मी पुढं असायची. तुमची पत्रं वाचायला म्हणूनच बरं वाटायचं. ती बंद करू नका.

छकुलीला शाळेत घातलं आहे. ती रोज रडते आणि रोज जाते.

आपली,
सुधा

*

सांगवी
२ ऑक्टोबर १९९८, दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सौ. कां. सुधा हिला,

मामाचे अनेक आशीर्वाद आणि आपट्याचं पान. वर काय लिहिलंय ते बघून घाबरू नकोस. पुढं वाच.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही, ठमालाही नाही. ती रुसून बसली आहे. पण तुझं पत्र वाचल्यावर घरात बसवेना. दुसऱ्याच दिवशी इंदापूरची गाडी धरली. जुन्या कंडक्टरला अजून लोक खिडकीची जागा देतात. डेअरीवर गेलो तर सर्जेराव कॅन धूत होता. मला बघून हातातला ब्रश त्यानं पाठीमागं लपवला, जसा काही मी त्याचा हेडमास्तर. मी म्हटलं, पाणी दे. त्यानं तांब्या धुऊन आणला. मी प्यालो. आणखी मागितलं, तेही प्यालो. तहान नव्हती.

मग तो मला गाडीत घेऊन निमगावच्या फाट्यापर्यंत आला. वाटेत मी तुझ्या पत्रातलं काहीही न सांगता एवढंच विचारलं, की त्या दिवशी माझं पत्र ऐकून तुला काय वाटलं? त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाला, तात्या, तुमचा तो इक्रम आला तवा माझी नजर गपकन दाराकडं ग्येली. वाटलं, सोपानराव आला तर आपण गप उठायचं, गाडीत बसायचं, त्याचं घर त्याचं हाय. पर उठवंल का न्हाय, तेच कळंना. आन् आपण मेलेल्या माणसाला भ्यालो म्हणून लाज वाटली, च्या अर्धा ठिवला.

सुधा, मी एवढा म्हातारा झालो आणि असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. ना मालिकेत, ना कवितेत. तुम्ही दोघं एकाच दाराकडं, एकाच क्षणी, एकाच भीतीनं बघत होता आणि दोघांनाही वाटत होतं की पाप आपल्या एकट्याच्याच मनात आहे! ज्याचं दुसऱ्यात काही गुंतलेलं नाही त्याला कशाला भीती वाटेल? सोपान माझा भाचा. त्याला खांद्यावर घेऊन मी निमगावचा बाजार दाखवला आहे. तो मला जितका कळला त्यावरून सांगतो, तो दारात आला असता तर तुझ्या तोंडावरची भीती बघून पहिल्यांदा त्यानंच विचारलं असतं, की सुधे, इतके दिवस तू एकटीच होतीस का?

मी फाट्यावर उतरून घरी आलो नाही म्हणून गोजर रागावेल. तिला सांग, हात हलवत यायचं नव्हतं. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरा. सकाळचा धरा, उन्हाचा. ठमा सवाष्ण म्हणून दारात उभी राहील आणि आल्या-गेल्याला हळदकुंकू लावील. तिनं हे मला विचारून ठरवलेलं नाही. सर्जेरावाच्या चुलत्याला मी भेटून आलो आहे. तो म्हणाला, तुम्ही गाणार असाल तर आमची काय हरकत? म्हणजे अडलं होतं ते माझ्याच गळ्याशी.

लोक तोंड फिरवतील का? एकदोघं फिरवतील. मला अजूनही थोडी धडधड आहे. पण सूर लागला नाही तर बिनसुराचं म्हणेन. थांबणार नाही.

आता अष्टक. तुला चाल ठाऊक आहे, मनात म्हणून बघ.

गोजाई उभि मांडवी, नयन ते ओले तरी हासरे
आली नाहि सुधा लपून तिमिरी, पाहोत हे सोयरे
सर्जेराव धरी करात कर हा, राखो जिवापासुनी

तीन ओळी झाल्या. चौथीचं शेपूट ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे ठरलेलंच असतं. पण त्याच्या आधीची अर्धी ओळ मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. तिथं आपल्याकडं घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घालून त्याचाही आशीर्वाद मागतात. सोपानचं नाव घालायचं की नाही, हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं ठरवायचं नाही, सासूनं नाही आणि मी तर नाहीच नाही. तू घाल म्हणालीस तर माझा आवाज कापेल, पण घालीन. नको म्हणालीस तर का म्हणून विचारणार नाही.

मंगळवारचं थोडक्यात सांगतो. मृणालिनीनं डॉक्टरला नाही म्हटलं आणि आता ती कंपनी चालवायला निघाली आहे. काल रडत होती, आज मोटारीत बसून इंग्रजीत बोलतेय. हे कधी शिकली? माझी छाती पुन्हा धडधडली. ठमा म्हणते, आता टीव्ही विकून बँड ठरवू.

तुझं उत्तर येईपर्यंत माझा जीव ओळीत अडकला आहे. मामावर राग असेल तर तो लग्नाच्या पंगतीत काढावा, मी वाढायला असेन.

तुझा,
तात्यामामा

*

निमगाव केतकी
७ ऑक्टोबर १९९८

ती. मामांना नमस्कार.

कार्डावर लिहितेय, कारण आता कुणी वाचलं तरी चालेल. पोस्टमननं वाटेत वाचलं असेल तर त्यांनाही लग्नाचं आमंत्रण.

ह्यांचं नाव घालू नका. ते मी मनात घेईन. मोठ्यानं म्हटलं तर आत्याबाई उभ्या राहू शकणार नाहीत, आणि त्या उभ्या आहेत असं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. सर्जेरावांना विचारलं, ते म्हणाले, तुझं तू ठरव, मी मान खाली घालून उभा राहीन. मी म्हटलं, तेवढा एक दिवस तरी वर करा. गाडीवर दूध आता मीच घालते.

अर्धी ओळ मीच जुळवली आहे. दोन दिवस भाकरी थापताना म्हणून बघितली. आत्याबाई म्हणाल्या, बरी हाय, पर दादाला दाखीव. कुठं लंगडत असेल तर सांगा, पण नाव बदलू नका.

हासो ही छकुली सुखात जवळी, कुर्यात् सदा मंगलम्

आपली,
सुधा